इंद्रायणीवरचं लोखंड

माझं माहेर इंदोरीचं, सासर शिरगावचं. शिरगावच्या अंगाला पवना, इंदोरीच्या अंगाला इंद्रायणी. मधला टापू म्हणजे सोमाटणे फाटा, जुना मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग, शेलारवाडीची लेणी आणि लष्करी कुंपणं. नकाशावर पाहिलं तर माहेर हाकेच्या अंतरावर दिसतं. पण इंद्रायणीवर कुंडमळ्याला पूल नव्हता तोवर पावसाळ्याचे चार महिने ते लांब जायचं. तळेगावला जायचं, तिथून चाकण रस्त्यानं इंदोरी गाठायची, एसटी वेळेवर आली नाही तर अर्धा दिवस रस्त्यातच. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला सासूबाई म्हणाल्या, "नदीचं पाणी उतरू दे, मग जा." मला तेव्हा ते कडक वाटलं होतं. आता वाटतं, नदीकाठची बाई बोलली ती.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या वरच्या अंगाचं पाणी वळवणच्या धरणात अडतं आणि गेली शंभराहून जास्त वर्षं घाट उतरून खोपोलीच्या वीजघराकडे जातं. त्यामुळे उन्हाळ्यात नदी बारीक होते. कुंडमळ्याला ती काळ्या खडकात शिरते. पाण्यानं आणि गोट्यांनी घुसळून घुसळून त्या खडकात रांजणखळगे पडले आहेत, काही माणूस उभा बुडेल एवढे. तिथेच देवीचं ठाणं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खडकावरून पाय टाकत पलीकडे जाता यायचं आणि जूनमध्ये त्याच जागी पाणी असं गर्जायचं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. खडकात नदी अरुंद होते म्हणून पुलाला ती जागा सोयीची. पात्र अरुंद झालं की पाण्याचा जोर वाढतो, म्हणून तीच जागा धोक्याचीही.

जुन्या काळी नदी ओलांडण्याच्या अशा जागांना मोल होतं. खंडेराव दाभाड्यांनी १७२०-२१ च्या सुमाराला इंदोरीला गढी बांधली ती इंद्रायणीच्या काठालाच. आत कडजाईचं देऊळ आहे, दरवाजा अजून भक्कम आहे. माझ्या माहेरची माणसं तिला किल्लाच म्हणतात. समोर भंडाऱ्याचा डोंगर, तुकोबांचा. खाली देहू. वारकरी, बैलगाड्या, चाकणच्या बाजाराला जाणारे शेतकरी, सगळ्यांना कुठे ना कुठे ही नदी ओलांडावी लागे. कोरड्या दिवसांत उतार, पाण्याच्या दिवसांत नाव. इंग्रजी अमलात १८६८ साली मुंबई इलाख्यात नावांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नावेची जागा ठरली, दर ठरला, ठेका ठरला. नाव गळकी असली तर कोणाला बोलायचं हेही ठरलं. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि का ते पुढे येईलच.

मावळात पुलांचा खरा इतिहास रेल्वेनं सुरू झाला. खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला आणि बोरघाट २१ एप्रिल १८६३ ला. घाटातले मोठे पूल दगडी कमानींचे, कारण दगड पायाखालीच होता. घाटाचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते मुख्य अभियंता जेम्स बर्कली उद्घाटन पाहायला राहिले नाहीत, १८६२ मध्येच गेले. आणि जुलै १८६७ मध्ये घाटातला माऊ-की-मळीचा दगडी पूल कोसळला. उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्यानंतर या रेल्वेच्या सगळ्या दगडी बांधकामांची तपासणी लागली आणि कितीतरी पूल नव्यानं बांधावे लागले. माणसांना वाटतं जुनं ते भक्कम. एकोणिसाव्या शतकातल्या कंत्राटदारांचा चुनाही कच्चा निघत होता.

पलीकडे मुंबई-बडोदा मार्गावर दुसरीच रीत चालली होती. त्या रेल्वेला दगडापेक्षा खाड्या आणि नद्या जास्त. ती रेल्वे उभारणाऱ्या कर्नल केनेडींनी तिथे वॉरन नावाच्या इंग्रजाच्या १८४८ च्या पेटंटवर बेतलेले लोखंडी त्रिकोणांचे गर्डर वापरले. सगळे साठ फुटी, एकाच मापाचे, विलायतेतून जहाजानं सुटे येणारे. इथे आणून जोडायचे. वसईची खाडी अशीच ओलांडली गेली. पूल म्हणजे जागेवर बांधायची वस्तू, हा समज तिथे मोडला. कारखान्यात तयार झालेला पूल कुठेही नेऊन उभा करता येतो, हे एकदा कळल्यावर मग त्याची पोरंबाळं गावोगाव पोचली. १९१२ पासून साकचीला टाटांचं पोलाद निघू लागलं आणि लोखंडासाठी समुद्राकडे डोळे लावायची गरज कमी झाली. हावड्याचा पूल १९४३ साली उभा राहिला तो बहुतांश इथल्याच पोलादात.

मी हे सगळं पुस्तकात नंतर वाचलं. आधी ते माझ्या बोटांतून गेलं. मी सरकारी बांधकाम कार्यालयात अनुरेखक होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला आराखडा टेबलावर ताणून बसवायचा, वर ट्रेसिंग क्लॉथ, आणि शाईनं रेघ न रेघ गिरवायची. चुकलं तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं, कापडाला भोक पडता कामा नये. मग अमोनियाच्या वासात प्रिंट निघायच्या. गच्चीचे, शाळांचे, मोऱ्यांचे आराखडे खंडीभर काढले. पण लोखंडी पुलाचा कागद आला की मी खुर्ची पुढे ओढायची. त्यात एकही रेघ शोभेची नसते. चौकोनी चौकट ढकलली तर कलते, त्रिकोण कलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा पूल उभा असतो. घराच्या छपराखालची कैची तीच. कोणती काठी दाबली जाते आहे आणि कोणती ताणली जाते आहे हे कागदावर कळतं. तिरप्या काठ्या पुलाच्या मध्यावर बारीक, टोकाला जाड, आणि काठ्या जिथे भेटतात तिथे एक पट्टी. गसेट प्लेट. रिवेटची भोकं त्या पट्टीवर मोजून गिरवावी लागायची. आमचे एक जुने साहेब म्हणायचे, "बाई, काठी सहसा मरत नाही. सांधा मरतो."

१ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेत मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल कोसळला आणि १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की मूळ आराखड्यातच काही गसेट प्लेट अर्ध्या इंचाच्या होत्या, एक इंचाच्या हव्या होत्या. चाळीस वर्षं तो पूल त्या अर्ध्या इंचावर उभा होता. मी बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आली ती ते कापड गिरवणारी, कोणी माझ्यासारखीच. त्या पट्टीची जाडी कागदावर फक्त एका आकड्यानं लिहिलेली असते.

कुंडमळ्याचा पूल झाला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्या काळात डोंगराळ तालुक्यांत असे पूल आणि साकव बरेच झाले. नदीपलीकडची शेतं, दूध, शाळा यांच्यासाठी. कुंडमळ्याचा पूल सलग एका जातीचा नव्हता. काही भाग दगडी, काही सिमेंटचा, आणि मुख्य प्रवाहावर लोखंडी सांगाडा. रुंदी चार फूट. एक मोटरसायकल आली की चालणाऱ्यानं कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. मोटारीसाठी तो नव्हताच. पण माझ्यासाठी तो माहेराकडे उघडलेला दरवाजा होता. पहिल्या पावसाळ्यात मी शेलारवाडीला उतरून चालत गेले, पुलाच्या मधोमध थांबले, खाली पाणी फेसाळत होतं, आणि समोर दादा छत्री घेऊन उभा होता. भाऊबीज असो वा पंचमी, त्यानंतर सासूबाईंनी नदीचं नाव काढलं नाही.

तीस वर्षांत त्या पुलाभोवतीचं जग बदललं. आधी त्यावरून गवळी, शेतकरी, शाळेची पोरं जात. मग तळेगावच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, मोटरसायकली वाढल्या, मग मोबाइल आला आणि रविवारी पुण्या-पिंपरीची माणसं पाणी पाहायला येऊ लागली. आमच्या शिरगावचंही तेच झालं. २००३ मध्ये प्रति शिर्डीचं मंदिर झालं आणि गुरुवारी गाव आपलं राहिनासं झालं. येणाऱ्याला मी दोष देत नाही. नदी पाहावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. पण गवळ्यासाठी आखलेल्या चार फुटांवर रविवारची जत्रा उभी राहत होती.

एका हिवाळ्यात वहिनीबरोबर पूल ओलांडत होते. ती म्हणाली, "वन्सं, पोरं म्हणतात पूल हलतो." लोखंडी पूल थोडा हलतोच, त्यात भिण्यासारखं नसतं. मी खाली वाकून सांधा पाहिला. चालायच्या पातळीच्या खाली, जिथे आडवी आणि तिरपी काठी पट्टीवर येऊन भेटतात, तिथे एक खोबण तयार होते. त्या खोबणीत वाळकी पानं होती, चिखल होता, त्यावर गवताचं पातं उगवलं होतं. बोटानं चिखल बाजूला केला तर खाली लोखंडाचे पापुद्रे, एकावर एक, आणि दोन पट्ट्यांच्या मधली फट फुगलेली. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये शिरला की त्यांना पाचरीसारखा फाकवतो आणि रिवेटचं डोकं आतून ताणतो. वरून रस्त्यानं जाणाऱ्याला काठी पूर्ण दिसते. खालची खोबण मात्र जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओली असते आणि पुढचे महिने चिखल ओल धरून ठेवतो.

यावर औषध जुनं आहे. माझ्या आराखड्यांवर कोपऱ्यात टीप असायची: लोखंडाला आधी रेड लेडचा हात, मग रंगाचे दोन हात. रेड लेड म्हणजे शेंदूर. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. आपल्याकडे वेशीवरच्या मारुतीला आणि म्हसोबाला तेल-शेंदराचं लेपन होतं, ते वर्षानुवर्षं थरावर थर चढत राहतं, कधी त्याची खोळ सुटून पडते आणि गाव नवं लेपन करतं. शिशाच्या विषामुळे पुढे रेड ऑक्साइड आणि झिंकचे रंग आले, ते बरंच झालं. पण रीत तीच: घासा, सुकवा, लावा, आणि पुन्हा काही वर्षांनी घासा. माझ्या गावच्या मारुतीला हनुमान जयंतीला शेंदूर कोण लावणार हे सांगावं लागत नाही, ते घर ठरलेलं आहे. नदीवरच्या पुलाला घर ठरलेलं नव्हतं.

मला या सगळ्यात सांगायचं आहे ते एवढंच. लोखंडाला वय असतं, पण ते वर्षांत मोजायचं नाही. भरूचचा गोल्डन ब्रिज १८८१ मध्ये नर्मदेवर उघडला आणि २०२१ पर्यंत त्यावरून वाहनं गेली. एकशेचाळीस वर्षं. कुंडमळ्याच्या पुलाला तीसच झाली होती. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला क्रमांक असतो, नोंदवही असते, पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी असते. हातोड्यानं रिवेटवर ठोका मारून आवाज ऐकणारा माणूस असतो. सैल रिवेटचा आवाज बद्द येतो. पुराच्या दिवसांत पुलावर पहारा असतो. दीडशे वर्षांत इतके पूल पडले, म्हणून रेल्वेनं ही शिस्त लावून घेतली. आमच्याकडे रस्त्यांची उतरंड आहे: राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. सार्वजनिक बांधकाम खातं आणि जिल्हा परिषद यांच्यात ती वाटलेली आहे. पण पाऊलवाटेवरचा चार फुटी पूल या उतरंडीत नेमका कुठे बसतो? तो रस्ता धड नाही आणि निव्वळ पायवाटही नाही. बांधायला पैसा मिळतो, कारण बांधताना नारळ फुटतो. खासदार निधी डिसेंबर १९९३ पासून सुरू झाला, त्यातून नवं काम करता यायचं, डागडुजी करता यायची नाही. दोन डबे रंग आणि चार दिवसांची मजुरी यांच्यासाठी कोणतंही लेखाशीर्ष सापडत नाही. कार्यालयात बसून मी असे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पाहिले आहेत.

१५ जून २०२५, रविवार, दुपारी साडेतीनचा सुमार. पाऊस लागला होता, इंद्रायणीला पाणी आलं होतं. पुलावर शंभराहून जास्त माणसं होती, दुचाक्याही होत्या. लोखंडी भाग कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. काही सांगाड्याखाली अडकले होते. तळेगावची रुग्णालयं भरली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता आणि नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये मंजूरही झाले होते. तीन दिवसांनी, १८ जूनला, देहूहून तुकोबांची पालखी निघाली. आमच्या घरची माणसं दरवर्षीप्रमाणे गेली. त्या वर्षी दर्शनाच्या रांगेत नदीचं नाव कोणी मोठ्यानं घेत नव्हतं.

पूल पडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच वाक्य: गर्दीचा भार झाला. मी कागद घेऊन बसले. आज पादचारी पूल आखताना दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, गर्दीच्या जागी ५००. चार फूट रुंद आणि समजा तीस मीटर लांब गाळा धरला तर क्षेत्रफळ साधारण ३६ चौरस मीटर. म्हणजे साडेचौदा टनांच्या आसपास. माणसामागे साठ किलो धरून दीडशे माणसांचे नऊ टन, दुचाक्यांचा एक टन. सगळी माणसं एकाच गाळ्यात उभी होती असं धरलं तरी दहा टन. धडधाकट पुलानं ते पेलायला हवं होतं. गर्दी एका कठड्याला झुकली की एका बाजूच्या सांगाड्यावर जास्त भार येतो हे खरं, पण त्यासाठीही आराखड्यात जागा ठेवलेली असते. माणसं तिथे गेली नसती तर वाचली असती, यात वाद नाही. पण पूल माणसांनी पाडला असं म्हणायला माझी लेखणी वळत नाही.

त्रिकोणांच्या पुलाचा एक स्वभाव आहे. दगडी कमान मरताना तडा दाखवते, धूळ गाळते. लोखंडी सांगाड्यात प्रत्येक काठी शेजारणीवर विसंबून असते. खालची ताणाची एक काठी सुटली की तिचा भार घ्यायला बहुतेक वेळा दुसरी नसते, आणि सगळं काही क्षणांत जातं. म्हणून ज्या सांध्यावर जीव टांगलेला आहे तो सांधा दरवर्षी पाहणं हाच त्या पुलाचा खरा पाया. फलक लावून ते काम होत नाही. रोज दूध घालायला जाणाऱ्याला फलक वाचून थांबता येत नाही, त्याची गुरं-वासरं पलीकडे असतात. पूल धोक्याचा ठरला त्या दिवशी दोन्ही तोंडांना दगड-सिमेंटनं भिंत घालायला हवी होती आणि गवळ्यासाठी त्याच आठवड्यात दुसरी सोय. सोय अशक्य नसते. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेव्हा लष्करानं तिथे बेली पद्धतीचा पादचारी पूल उभारून पुढच्या फेब्रुवारीत तो खुलाही केला. त्या पद्धतीतली एक चौकट दहा फूट लांब असते आणि सहा जवान ती हातांनी उचलतात. तसे पूल उभारणारे बॉम्बे सॅपर्स खडकीला राहतात, कुंडमळ्यापासून तासाच्या वाटेवर. महाडला सावित्रीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी नवा पूल उभा होता. महामार्गाला धनी असतो, म्हणून ते झालं.

कुंडमळ्यानंतर राज्यभर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. निघायलाच हवेत. फक्त मुंबईचा हिमालय पूल आठवतो मला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा. १४ मार्च २०१९ ला तो पडला, आणि त्याआधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीचा म्हणून पास झाला होता. तपासणी म्हणजे कोणी खोबणीतला चिखल बोटानं काढला का, हे मला अशा अहवालात वाचायचं असतं.

नव्या पुलाबद्दल माझी मागणी छोटी आहे, आणि ती मी इंदोरीच्या दादाकडून ग्रामसभेत मांडायला सांगितली आहे. रेल्वेच्या गर्डरवर शेवटचा रंग कधी दिला ती तारीख पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली असते. येताजाता कोणालाही वाचता येते. कुंडमळ्याच्या पुलाच्या दोन्ही तोंडांना, उद्घाटनाच्या पाटीखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तीन ओळी हव्यात: हा पूल कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली, आणि पुढची कधी आहे. दिवाळी झाली की पाणी उतरतं, खडक उघडा पडतो, खालून सांधे हाताला लागतात. तारेच्या ब्रशनं घासायला आणि पुलाला रंगाचा हात द्यायला तेच दिवस बरे. मृग लागायच्या आत तारीख बदललेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर त्या दिवसापासून पूल बंद, आणि बंद कोणी करायचा तेही त्याच पाटीवर.